संदेष्टे ‘इस्राएल’ म्हणतात तेव्हा नेमकं कोण? एफ्राइम आणि यहूदा

जुना_करार

आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास असतो. गेल्या महिन्यात यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३७ वा अध्याय निघाला. सुकलेल्या हाडांचा भाग सगळ्यांच्या तोंडपाठ. पुढे दोन काठ्यांपाशी आलो (संदेष्टा एकीवर यहूदाचं, दुसरीवर योसेफाचं नाव लिहितो) आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारलं, “काका, यहूदाची काठी कळली. पण योसेफाची वेगळी कशाला? सगळे इस्राएलीच ना?” मी उत्तर दिलं, पण घाईत दिलं. घरी आल्यावर ते मलाच अपुरं वाटलं. हा प्रश्न सुटला नाही तर होशेय, आमोस, यिर्मया वाचताना निम्मा अर्थ हातातून निसटतो, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं. संदेष्ट्यांच्या पुस्तकात ‘इस्राएल’ हा शब्द आला की थांबायचं आणि विचारायचं, कुठला इस्राएल? याकोबाला मिळालेलं नाव? त्याच्या बारा वंशांची सगळी प्रजा? शलमोनानंतर वेगळं झालेलं उत्तरेचं राज्य? की उत्तर बुडाल्यावर ते नाव अंगावर घेऊन पुढे चाललेला यहूदा? चारही अर्थ शास्त्रात आहेत, आणि कधी कधी एकाच पुस्तकात दोन पानांच्या अंतरावर आहेत.

माझ्या वडिलांचं पवित्र शास्त्र माझ्याकडे आहे. काळी कापडी बांधणी, कडा हाताळून मऊ पडलेल्या. त्यांनी उत्तरेच्या राज्यासाठी निळी पेन्सिल आणि यहूदासाठी लाल पेन्सिल वापरली होती. बारा वंशांबद्दल बोलणं असेल तिथे दोन्ही रेघा, एकीखाली एक. लहानपणी मला ती चित्रकलाच वाटायची. मीखाचं पुस्तक उघडलं की त्यांची पद्धत कळते. पहिल्या अध्यायात याकोबाचा अपराध कोणता, तर शोमरोन. तिथे निळी रेघ. तिसऱ्या अध्यायात ‘इस्राएल घराण्याच्या सरदारांनो’ अशी हाक आहे, आणि पुढे हेच सरदार रक्त सांडून सियोन बांधतात. सियोन म्हणजे यरुशलेम, दक्षिणेची राजधानी! तिथे वडिलांनी आधी निळी रेघ ओढलेली दिसते, ती खोडलेली दिसते, आणि वर लाल. बाजूला एक छोटं प्रश्नचिन्ह.

आता फूट कशी पडली ते. शलमोन वारला इ.स.पू. ९३० च्या सुमारास. त्याचा मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी शखेमला गेला. राजधानी यरुशलेम असताना शखेमला का? कारण उत्तरेचे वंश गृहीत धरण्यासारखे नव्हतेच, त्यांची संमती घ्यावी लागत होती. त्यांची मागणीही साधी होती: तुझ्या बापाने जू भारी केलं, ते हलकं कर. शलमोनाने लबानोनातल्या लाकडासाठी ३०,००० माणसं वेठीला धरली होती, १०,००० ची पाळी एक महिना तिकडे, दोन महिने घरी. योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर देखरेख करायला नेमलेला माणूस होता यराबाम, आणि पुढे उत्तरेचा पहिला राजा झाला तो हाच. वेठ कशी असते हे त्याने जवळून पाहिलेलं होतं. रहबामाने वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारला, बरोबरीच्या पोरांचा ऐकला, आणि ‘माझा बाप आसूड वापरायचा, मी विंचू वापरीन’ असं उत्तर दिलं. मग कहर म्हणजे समजूत घालायला पाठवला कोण, तर वेठीवरचा अधिकारी अदोराम. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं आणि राजा रथात बसून यरुशलेमला पळाला.

तिथून दोन राज्यं. उत्तरेचं ‘इस्राएल’: त्यात एफ्राइम सगळ्यांत बलवान, म्हणून संदेष्टे त्या राज्यालाच एफ्राइम म्हणतात, कधी योसेफ, कधी राजधानीवरून शोमरोन. दक्षिणेचं ‘यहूदा’: राजधानी यरुशलेम, गादी दाविदाची. उत्तरेत सुमारे दोनशे वर्षांत १९ राजे झाले आणि घराणी पुन्हा पुन्हा कापली गेली. दक्षिणेत साडेतीनशेच्या आसपास वर्षं एकच घराणं टिकलं, मध्ये अथल्या राणीची काही वर्षं सोडली तर. उत्तर अश्शूरांनी इ.स.पू. ७२२ मध्ये संपवली, यरुशलेम बाबेलवाल्यांनी ५८६ मध्ये.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. यहेज्केल स्वतः ५९७ मध्ये बाबेलला नेलेला कैदी. तो काठ्यांबद्दल बोलतोय तेव्हा उत्तरेचं राज्य जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झालेली. समोर बसलेले सगळे यहूदी कैदी. योसेफाचं नाव त्याने घेतलं नसतं तर कुणी विचारलंही नसतं. तरी तो दुसरी काठी हातात घेतो, तिच्यावर एफ्राइमाचं नाव लिहितो आणि लोकांच्या डोळ्यांदेखत दोन्ही एका मुठीत धरतो. मला ही कृती फार मोठी वाटते. ज्यांना जग विसरलं त्यांची जागा त्याने राखून ठेवली.

तुम्ही हे कसं वाचता?

मृण्मयी_वाचते

मी ख्रिस्ती नाही, यहुदीही नाही, पण शाळेतल्या मैत्रिणीमुळे बायबल थोडं वाचलंय. एक बाळबोध शंका. दहा वंश उत्तरेला आणि दोन दक्षिणेला असं सगळीकडे वाचते. पण तेरा-चौदा नावं दिसतात. हिशोब लागत नाही.

जुना_करार

ताई, शंका बाळबोध मुळीच नाही. हिशोब शास्त्रातच पूर्ण जुळत नाही, आणि तो जुळवण्याची घाई करू नये असं मला वाटतं.

१ राजे ११ मध्ये शिलोचा संदेष्टा अहीया रस्त्यात यराबामाला गाठतो. अंगावर नवाकोरा झगा आहे. तो फाडून बारा तुकडे करतो आणि म्हणतो, दहा तू घे. उरले दोन. पण लगेच म्हणतो की दाविदाच्या घराण्याकडे एक वंश राहील. दहा आणि एक अकरा! पुढच्या अध्यायात रहबामाच्या बाजूला यहूदा आणि बन्यामीन असे दोघे दिसतात. शिमोनाला वतन मिळालं होतं ते यहूदाच्या हद्दीच्या आत, म्हणजे भूगोलाने तो दक्षिणेत. लेवींना स्वतंत्र जमीनच नाही, ते गावोगाव विखुरलेले, आणि २ इतिहास ११ सांगतं की यराबामाने त्यांना याजकपणावरून काढल्यावर ते यहूदात आले. योसेफाचा वंश एफ्राइम आणि मनश्शे असा दोन धरायचा की एक, यावरही आकडा हलतो.

‘दहा वंश’ ही अहीयाच्या झग्याची भाषा आहे. मोजणी-कारकुनाची नाही.

शिलालेख

लेख आवडला. पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे, त्या बाजूने थोडी भर घालतो. थोडा विरोधही आहे.

विरोध आधी. ही सगळी गोष्ट आपल्याकडे यहूदाच्या लेखणीतून आलेली आहे. राजांची पुस्तकं उत्तरेच्या जवळजवळ प्रत्येक राजावर एकच शेरा मारतात: यराबामाच्या पापात चालला. अम्रीचं उदाहरण घ्या. त्याने शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदीला टेकडी विकत घेतली आणि शोमरोन वसवलं. राजांच्या पुस्तकात त्याच्या कारकिर्दीला जेमतेम सहा ओव्या आहेत. पण अश्शूरी लेखांत त्याचं घराणं बुडाल्यानंतरही त्या देशाचं नाव ‘अम्रीचं घर’ असंच येत राहतं. १८६८ मध्ये यार्देनेपलीकडे धिबानला सापडलेल्या मवाबी राजा मेशाच्या शिळेत तर अम्रीचं नाव घेऊन लिहिलंय की त्याने मवाबाला पुष्कळ दिवस जाचलं. शेजाऱ्यांच्या दृष्टीने उत्तर हेच मोठं राज्य होतं. इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईबद्दल अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा जे कोरून ठेवतो त्यात उत्तरेचा राजा अहाब याच्या नावावर २,००० रथ आहेत. यहूदाचं त्या यादीत नावही नाही.

दक्षिणेच्या बाजूचा पुरावाही सांगायला हवा. दान इथे १९९३-९४ मध्ये अरामी शिळेचे तुकडे मिळाले. त्यांत ‘इस्राएलचा राजा’ आणि ‘दाविदाचं घर’ दोन्ही आहेत. दोन राज्यं, दोन नावं, एका शत्रूने एकाच दगडावर लिहिलेली.

आता माझी आवडती गोष्ट. १९१० मध्ये शोमरोनच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरं निघाली. इ.स.पू. आठव्या शतकातली, द्राक्षारस आणि तेलाच्या नोंदी. त्यांत द्राक्षारसाला ‘येन’ लिहिलंय. यरुशलेमकडे तोच शब्द ‘यायिन’. म्हणजे उत्तरेची बोली वेगळी होती, आणि ते खापरावर शाईने उमटलंय.

याचा आमोसाशी संबंध आहे. आठव्या अध्यायात देव त्याला टोपलीभर उन्हाळी फळं दाखवतो आणि म्हणतो, माझ्या लोकांचा शेवट आला. मराठीत फळांचा आणि शेवटाचा काय संबंध? दक्षिणेकडच्या हिब्रूत फळं ‘कायित्स’ आणि शेवट ‘केत्स’, जवळ आहेत पण वेगळे. उत्तरेच्या बोलीत मधला ‘आयि’ आवळून ‘ए’ होतो, म्हणजे फळांनाही ‘केत्स’. आमोस तकोवाचा, दक्षिणेतला मेंढपाळ, उंबरं राखणारा. पण उत्तरेतल्या बेथेलच्या बाजारात उभं राहून त्याने टोपलीकडे बोट दाखवून हा शब्द उच्चारला असेल तर ऐकणाऱ्याच्या कानावर फळं आणि शेवट एकदमच पडले असतील.

जुना_करार

शिलालेख, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. इतकी वर्षं आमोस शिकवतोय, ही टोपली मला आज कळली. मनापासून आभार.

विरोधही बराचसा मान्य आहे. राजांची पुस्तकं दक्षिणेतून लिहिली गेली. फक्त एक सांगतो. ती पुस्तकं दक्षिणेची असूनही फुटीचा दोष उत्तरेवर टाकत नाहीत. रहबामाचा उर्मटपणा लपवलेला नाही. आणि तो सैन्य जमवून चढाईला निघाला तेव्हा शमाया नावाचा माणूस आडवा येतो आणि देवाचा निरोप सांगतो: तुमच्या भाऊबंदांशी लढू नका, घरी जा. सैन्य माघारी जातं. यहूदाच्या लेखणीने हे लिहून ठेवलंय की वेगळे झालेलेही भाऊच आहेत.

ती जखम किती खोल होती ते यशयाच्या सातव्या अध्यायात दिसतं. अरामाचा राजा रसीन आणि उत्तरेचा राजा पेकह मिळून यरुशलेमवर चालून आलेत. यहूदाच्या आहाज राजाचं काळीज वाऱ्याने झाडं हलावीत तसं हललंय. संदेष्टा पुढच्या संकटाचं माप सांगतो ते असं: एफ्राइम यहूदापासून फुटला त्या दिवसापासून आले नाहीत असे दिवस येतील. फुटीला दोनशे वर्षं होत आली होती. तरी वाईट दिवस म्हटला की तोच आठवायचा!

पहाटतारा

प्रभूच्या नावात सलाम. काका, विवेचन सुंदर, पण तुम्ही भाकिताचं भाकीतपण बाजूला ठेवता असं मला वाटतं. यहेज्केल ३७ मध्ये एकच राष्ट्र, एकच राजा, पुन्हा कधीही दोन राज्यं नाहीत असं स्पष्ट वचन आहे. हे बाबेलहून परतताना घडलं का? नाही. इ.स.पू. ५३८ नंतर पारसाचा राजा कोरेश याच्या परवानगीने जे आले ते मुख्यतः यहूदा, बन्यामीन आणि लेवी. म्हणजे वचन अजून उभं आहे. १९४८ मध्ये राष्ट्र उभं राहिलं, जगभरातून लोक येतायत, दहा वंशही येतील. मी हे अक्षरशः घेतो आणि वाट पाहतो.

जुना_करार

भाऊ, सलाम. तुमच्या वाट पाहण्याला मी कमी लेखत नाही. वचन अजून पुरं झालेलं नाही हे मलाही मान्य आहे.

माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी त्या संदेष्ट्यासमोर बसलेल्या माणसांच्या कानांनी ऐकायचं, मग आपल्या काळाकडे यायचं. होशेय घ्या. तो उत्तरेचाच. एफ्राइमाचं नाव त्याच्या छोट्या पुस्तकात तीसहून अधिक वेळा येतं. त्याच्या मुलांची नावं बघा: इज्रेल, लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया झाली नाही, लो-अम्मी म्हणजे माझे लोक नव्हेत. बाप आपल्या लेकराला रोज हाक मारतोय ‘माझे लोक नव्हेत’ अशी, आणि शेजारीपाजारी ऐकतायत. हे ऐकणाऱ्या शोमरोनच्या माणसाला आपल्या राज्याचं मरण ऐकू येत होतं. त्याच होशेयाच्या अकराव्या अध्यायात देव कळवळतो की एफ्राइमा, तुला कसा सोडू, माझं अंतःकरणच उलटतंय. त्या नावांचं ओझं नीट उचललं तरच या कळवळ्याचं वजन समजतं. सरळ १९४८ वर उडी मारली तर होशेयाचं घर रिकामंच राहतं.

आणि नव्या कराराने ही वचनं कुठे नेली तेही पाहू. पौल रोमकरांस नवव्या अध्यायात ‘माझे लोक नव्हेत ते माझे लोक’ हे परराष्ट्रीयांना लावतो. योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू शोमरोनी बाईशी विहिरीवर बोलतात. ती विहीर याकोबाची, गाव शखेमच्या जवळचं! जिथे राज्य फाटलं त्या परिसरात. माझ्या मते काठ्या जुळायला तिथे सुरुवात झाली.

पहाटतारा

शखेम आणि विहीर एकाच परिसरात हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. तरी माझं मत कायम आहे, काका. आत्मिक अर्थ खरा, पण काठी हातात धरलेली होती, लाकडाची होती. यहेज्केल ४७ आणि ४८ मध्ये तर बारा वंशांना जमिनीचे पट्टे आखून दिलेत, योसेफाला दोन वाटे. एवढा मोजूनमापून दिलेला शब्द केवळ रूपक कसा मानू?

जुना_करार

मानू नका. इथे आपण दोघंही उघड्या पुस्तकासमोर बसलोय, एवढं मला पुरे आहे.

मृण्मयी_वाचते

मग ते दहा वंश गेले कुठे? मध्यंतरी इंग्रज हेच ते हरवलेले वंश असा व्हिडिओ कुणीतरी पाठवला होता.

शिलालेख

ती कल्पना एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात बरीच पसरली होती. तिला ना भाषेचा आधार आहे ना पुराव्याचा.

जे माहीत आहे ते असं. हद्दपारी एका झटक्यात झाली नाही. अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर तिसरा याने इ.स.पू. ७३२ च्या सुमारास गालील आणि गिलाद घेतलं आणि तिथली माणसं नेली. दहा वर्षांनी शोमरोन पडलं. अश्शूरचाच राजा सार्गोन दुसरा आपल्या लेखात २७,००० हून अधिक माणसं शोमरोनमधून नेल्याचं सांगतो. आकडा मोठा आहे, पण सगळी प्रजा तेवढी असणं शक्य नाही. २ राजे १७ मध्ये त्यांना कुठे बसवलं तेही आहे: हलह, गोजानातली हाबोर नदी, मेद्यांची नगरं. म्हणजे आजचं सिरियाचं ईशान्य टोक, उत्तर इराक, पश्चिम इराण. तिथे बहुतेक लोक दोन-चार पिढ्यांत आसपासच्यांत मिसळले असावेत.

काही दक्षिणेला पळाले. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस यरुशलेम एकाएकी पश्चिमेच्या टेकडीवर पसरलं. तिथे १९७० च्या दशकात सुमारे सात मीटर जाडीची तटबंदी सापडली, यहूदाचा राजा हिज्कीया याच्या काळातली. ती वाढ उत्तरेच्या निर्वासितांमुळे झाली असं अनेक अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. मला पहिलं पटतं. होशेयाचं पुस्तक आपल्यापर्यंत कसं आलं याचंही उत्तर त्यातच असावं. कुणीतरी ते उराशी धरून यरुशलेमला आणलं.

आणि कित्येक जण हललेच नाहीत. शोमरोनी लोक आजही आहेत, आठशेच्या आसपास. गरिज्जीम डोंगरावर आणि तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये. वल्हांडण सणाला अजून डोंगरावर कोकरं कापतात. ते स्वतःला एफ्राइम आणि मनश्शेचे वंशज सांगतात. त्यांना कुणी ‘हरवलेले’ म्हटलं तर त्यांना नवल वाटेल.

जुना_करार

यात शास्त्रातले दोन दाखले जोडतो. हिज्कीयाने वल्हांडणाचं बोलावणं उत्तरेला पाठवलं तेव्हा बहुतेकांनी जासुदांची टर उडवली, पण आशेर, मनश्शे, जबुलून यांतले काही नम्र होऊन आले (२ इतिहास ३०). आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायात मंदिरात बाळ येशूला पाहणारी म्हातारी हन्ना कुठल्या वंशाची? आशेराची. उत्तरेचा वंश, राज्य बुडून सातशे वर्षं झालेली, आणि या विधवेला आपला वंश ठाऊक आहे!

कुलाबा_ते_लोद

शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली, जन्म मुंबईचा, माहेर-सासर दोन्ही रायगडातलं (आमच्या तोंडी अजून कुलाबाच), आणि आता बरीच वर्षं इस्राएलात लोदला. नातीने हा धागा दाखवला. डोळ्यांना त्रास आहे, तरी सगळा वाचून काढला.

आमची गोष्ट तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावरच पुरलं. पुढे तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. ते जहाज कधी फुटलं यावर घराघरात वेगळं मत. कुणी म्हणतं यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या (बाबेलहून परतल्यावर बांधलेल्या) काळात, कुणी म्हणतं आपण त्या दहा वंशांतलेच. माझे आजोबा दुसऱ्या मताचे. ते म्हणायचे, “आपल्याला कुणी यहूदी म्हणालं तर रागवू नये, पण आपलं नाव बेने इस्राएल. इस्राएलची लेकरं.” लहानपणी मला दोन्हींत फरकच कळायचा नाही. आज हा धागा वाचून कळलं ते काय म्हणत होते.

खरं खोटं मी सांगू शकत नाही, कागद नाहीत. इथे आल्यावर त्या नसलेल्या कागदांचा त्रासही झाला. १९६० च्या दशकात आमच्या लोकांची लग्नं लावताना पूर्वजांची चौकशी व्हायची. आमची माणसं रस्त्यावर बसली, आणि १९६४ मध्ये तो प्रश्न मिटला. मणिपूर-मिझोरमचे मनश्शेवाले (स्वतःला मनश्शेचे वंशज मानणारे) तर फार नंतर आले, त्यांना २००५ मध्ये मान्यता मिळाली. त्यांच्या बायका पहिल्यांदा भेटल्या तेव्हा भाषा एकमेकींची कळेना, पण तांदूळ कसा शिजवता यावर अर्धा तास बोललो.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे नवस फेडायचा, लग्न, नवं घर, काही असलं तरी मलिदा करतात. पोहे भिजवून, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं मांडून मोठं ताट. ते एलियाहू हानबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं मानतात, मी लहानपणी हात लावून पाहिली आहे. इतके संदेष्टे असताना आमच्या कोकणातल्या माणसांनी एलियाहूलाच का धरलं? तो उत्तरेचा की दक्षिणेचा?

शिलालेख

आजी, उत्तरेचा. गिलादातला, अहाब राजाच्या काळातला. त्यावरून तुमच्या पूर्वजांचा वंश काही सिद्ध होत नाही, कारण एलियाची ओढ सगळ्याच यहुदी समाजांत आहे, वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात. पण तो उत्तरेचा आहे हे नक्की.

जुना_करार

मावशी, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

तुमच्या प्रश्नावरून १ राजे १८ काढलं. कर्मेल डोंगर, समोर बआल या देवाचे ४५० संदेष्टे, अहाब राजा हजर. फुटीला साठ-सत्तर वर्षं झालेली. दाविदाच्या गादीशी या लोकांचा काही संबंध उरलेला नाही. एलिया मोडलेली वेदी पुन्हा रचायला घेतो. उत्तरेच्या राज्यात, उत्तरेच्या राजासमोर, उत्तरेच्या माणसाने किती दगड घ्यायला हवे होते? अहीयाच्या झग्याप्रमाणे दहा. तो बारा घेतो. आणि पुस्तक तिथे थांबून कारण सांगतं: याकोबाच्या मुलांच्या वंशांइतके, ज्याला ‘तुझं नाव इस्राएल होईल’ असं वचन आलं होतं.

तीनशेहून अधिक वर्षांनी उलट्या बाजूने तेच. बाबेलहून परतलेली मूठभर यहूदी माणसं इ.स.पू. ५१५ मध्ये मंदिर अर्पण करतात. उत्तर कधीच बुडालेली. पापार्पणाला बकरे किती? बारा, इस्राएलाच्या वंशांच्या संख्येप्रमाणे. एज्राच्या सहाव्या अध्यायात आहे. तिथे वडिलांनी दोन्ही रेघा ओढल्यात.

कुलाबा_ते_लोद

बारा दगड. हे आमच्या शिनागोगमध्ये कितीदा ऐकलं असेल, पण कुणी मोजून दाखवलं नव्हतं. मलिद्याच्या वेळी इसहाकाने याकोबाला दिलेला आशीर्वाद म्हणतात, ‘देव तुला आकाशाचं दहिवर देवो’ तो. म्हणजे तिथेही पहिला इस्राएलच बसलाय.

पहाटतारा

आजी, तुम्ही लोदहून मराठीत लिहिताय आणि मी इथे वाचतोय. माझ्यासाठी आज तेवढंच भाकीत पुष्कळ आहे. काका, यिर्मया ३१ वर वेगळा धागा काढा. रामा गावात रडणारी राहेल एफ्राइमासाठी रडते की यहूदासाठी, यावर मला बोलायचंय.

जुना_करार

काढतो. थोडक्यात आत्ताच: राहेल योसेफाची आई, म्हणजे एफ्राइमाची आजी. त्याच अध्यायात पुढे एफ्राइम मांडी थापटून विलाप करताना ऐकू येतो. म्हणून रडणं आधी उत्तरेसाठी. पण यिर्मया ४० मध्ये यहूदाचे कैदी बेड्या घालून जमवलेत तेही रामातच, आणि त्या बेड्या यिर्मयाच्याही हातात होत्या. बाकी पुढच्या धाग्यात.

बुधवारी त्या मुलाला कर्मेलचे दगड मोजायला लावले. त्याने बोटावर बारा मोजले आणि म्हणाला, म्हणजे यहूदाचाही दगड त्याने घेतला. वडिलांच्या प्रतीत १ राजे १८:३१ कोरं राहिलं होतं. रात्री दोन्ही पेन्सिली तासल्या आणि रेघा ओढल्या, आधी निळी, तिच्याखाली लाल.